वस्ती बसवणारे काका

आम्ही त्या इमारतीत राहायला आलो त्याच संध्याकाळी बेल वाजली. दारात एक उंच, काटकुळे गृहस्थ उभे होते. त्यांनी नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. एकदम म्हणाले, "शिडी आहे का तुमच्याकडे?"

मला वाटलं, मागायला आलेत. मी नाही म्हणाले.

"ड्रिल मशीन?"

"नाही."

"मोठा टोप? पन्नास माणसांचा भात होईल असा?"

"अहो, आम्ही तीन माणसं. कालच पुण्याहून आलोय."

"मग आहे तरी काय तुमच्याकडे?" हे त्यांनी इतक्या कळकळीने विचारलं की मी ओशाळून म्हणाले, "शिवणयंत्र आहे."

गृहस्थांचा चेहरा उजळला. मागे न बघताच ते ओरडले, "अगो, शिलाई मशीन आली! ती अख्ख्या बिल्डिंगमध्ये कुणाकडेच नव्हती." त्यांच्या मागे त्यांची पत्नी उभी होती, ठेंगणी, गोल चेहऱ्याची, हातात फडक्याने धरलेलं गरम पातेलं. ती मला म्हणाली, "तुमचा गॅस अजून लागला नसेल. आधी जेवून घ्या. मग त्यांना काय सांगायचं ते सांगा." पातेल्यात वालाची भाजी होती. आम्ही मासे खातो की नाही ते माहीत नव्हतं, म्हणून पहिल्या दिवशी वालच करायचे असा त्यांचा रिवाज होता, हे मला पुढे कळलं.

दोघं वसईचे कॅथलिक. त्यामुळे माझ्या तोंडात आधी अंकल-आंटी आलं. त्यावर गृहस्थांनी दम दिला, "का बाय, आपल्या माणसाला काका म्हणायला दिरहम पडतात?" तेव्हापासून काका आणि काकू.

आज दुबई सिलिकॉन ओएसिसमध्ये माणूस चुकत नाही. सगळीकडे टॉवर, कॅफे, सलून. पण आम्ही आलो तेव्हा चारी बाजूंना वाळू आणि मध्ये आमची इमारत. टॅक्सीवाला अर्ध्या रस्त्यात थांबून विचारायचा, "मॅडम, उधर कोई रहता भी है?" किराणा आणायचा तर गाडी काढून दुसऱ्या वस्तीत जावं लागे. कोथिंबीर विसरली तर त्या दिवशी कोथिंबीर नाही. संध्याकाळी काका रस्ता ओलांडून समोरच्या वाळूत जाऊन उभे राहायचे आणि आमच्या इमारतीकडे टक लावून बघायचे. मला आधी वाटलं, नमाजाच्या वेळी हे कॅथलिक गृहस्थ तिकडे करतात तरी काय? मला लोकांच्या भानगडीत डोकावायची जन्मजात खोड आहे. मी एकदा भाजीची पिशवी हातात तशीच घेऊन त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले.

"काय बघताय?"

"ती बघ, चौथ्या मजल्यावर कोपऱ्यातली खिडकी. काल काळी होती. आज पेटली." आणि ते लगेच निघाले, कारण आता त्या घरी जाऊन शिडीचं विचारायचं होतं.

काकांचा कायदा एकच होता. जी वस्तू इमारतीत एकाकडे आहे ती दुसऱ्याने आणायची नाही. शिडी तिसऱ्या मजल्यावर. ड्रिल काकांकडे. मोठा टोप काकूंचा. इंजेक्शन देणारा हात दुसऱ्या मजल्यावरच्या मल्याळी नर्सबाईंचा. बंद पडलेली गाडी चालू करायच्या वायरी पेशावरच्या एका इंजिनिअरकडे. आणि सगळ्या इमारतीचे पडदे माझ्या गळ्यात. कुठे काय आहे हे सगळं काकांच्या डोक्यात. कुणालाही काहीही लागलं की काकांना फोन करायचा, आणि काका सांगणार कुणाचं दार वाजवायचं.

सोय म्हणून हा कायदा भयंकर गैरसोयीचा होता. एक बल्ब बदलायचा तर शिडीवाल्यांकडे जा, तिथे चहा घ्या, त्यांच्या सासूबाईंच्या मोतीबिंदूची हकिगत ऐका, आणि मग शिडी घेऊन या. परत करायला गेलं की मोतीबिंदूचा पुढचा भाग. एकदा त्या पेशावरच्या इंजिनिअरने वैतागून स्वतःची शिडी आणली. काका लॉबीत खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी शिडी बघितली आणि उठून दारातच आडवे उभे राहिले.

"हबीबी, ये क्या है?"

"सीढी है, अंकल."

"सीढी तो तीसरे माले पे है."

"अंकल, उनके घर जाओ तो एक घंटा लगता है."

"तो? तुझे कहाँ जाना है? चारों तरफ रेत है. वापस कर दे."

आणि त्या सहा फुटी माणसाने शिडी गाडीत घालून दुकानात परत नेऊन दिली! मी डोळ्यांनी पाहिलं म्हणून सांगते.

काका कामाला हमरिया फ्री झोनमध्ये, एका कारखान्याच्या मेंटेनन्सला. शारजा ओलांडून रोज जायचे-यायचे. बुशशर्टाला चार खिसे, आणि चारही खिशांत फ्यूज, वॉशर, नळाची पांढरी टेप. त्यांना मिठी मारली तर माणसाला दुखापत व्हायची. ही माणसं आमच्या इमारतीआधी शारजात राहिली होती, त्याआधी अजमानला, त्याआधी आणखी कुठे. प्रत्येक वेळी नवी कोरी वस्ती, पहिला किंवा दुसरा भाडेकरू. आणि वस्ती भरली, दुकानं आली, बससुद्धा यायला लागली, की काका म्हणायचे, "झाली वस्ती. खलास." मग पिकअप बोलवायचा आणि पुढच्या वाळूत. आमची इमारत भरायला वेळ लागला, म्हणून ते आमच्या वाट्याला इतकी वर्षं आले.

लोक जिथे सोय आहे तिथे राहायला जातात. हे सोय झाली की उठतात. असं का, हा प्रश्न मला चैन पडू देईना. मी त्यांना पुन्हा पुन्हा विचारलं आणि प्रत्येक वेळी वेगळं उत्तर मिळालं. एकदा म्हणाले, नव्या बिल्डिंगचं पाणी गोड असतं. एकदा म्हणाले, तरुणपणी हमरियाला लाकडी केबिनमध्ये राहिलो, तेव्हा एका कुकरवर सगळी लाइन जेवायची, ती सवय लागली. एकदा तर म्हणाले, "बाय, ज्याच्या घरात सगळं आहे त्याचं दार कोण वाजवणार?" मी काकूंना विचारलं, यातलं खरं कुठलं? त्या म्हणाल्या, "सगळं खरं. आणि पाणी सगळीकडे एकच असतं."

पुढे आमच्याकडेही व्हायचं ते झालं. समोरच्या वाळूत मोठं सुपरमार्केट आलं. मोबाइलवर बोट दाबलं की अर्ध्या तासात कोथिंबीर दारात. लोकांनी हळूहळू आपापल्या शिड्या घेतल्या, आपापले ड्रिल घेतले. आमच्या ह्यांनीसुद्धा घेतली. "एकशे वीस दिरहमची शिडी, म्हणजे पावणेतीन हजार रुपये!" असं मोठ्याने म्हणत घेतली, पण घेतली. काकांना कुणी मुद्दाम टाळलं नाही. फक्त फोन करायचं कारण उरलं नाही. ते लॉबीत खुर्चीवर बसायचे, येणाऱ्या-जाणाऱ्याला हात करायचे. लोकही हात करायचे आणि लिफ्टमध्ये शिरायचे. मला त्यांच्याकडे बघवत नसे.

मग एका शुक्रवारी त्यांनी जाहीर केलं, "उम्म अल कुवैनला नवीन घरं झालीत. एका बाजूला खाडी, तीन बाजूंना वाळू. दुकान नाही, काही नाही. फर्स्ट क्लास. पुढच्या महिन्यात शिफ्टिंग."

त्याच दुपारी काकू माझ्याकडे आल्या. हातात पडद्यांची थैली. प्रत्येक घराच्या खिडक्या वेगळ्या मापाच्या, त्यामुळे आधीच्या घराचे पडदे पुढच्या घराला कधी लांडे व्हायचे, कधी जमिनीवर लोळायचे. दर वेळी उसवायचे आणि पुन्हा शिवायचे. त्यांनी थैली मशीनवर ठेवली आणि बसल्या. मी माप विचारलं. त्या माझ्या खिडकीकडे बघत होत्या.

"मला नाही जायचं गो," त्या म्हणाल्या.

इतक्या वर्षांत ह्या बाईने कशालाही नाही म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं.

"गुडघे गेलेत. नर्सबाई येऊन इंजेक्शन देते, तिच्या हाताची सवय झाली. मे महिन्यात माझ्याकडे रोझरीला बायका येतात, दाराबाहेर चपलांची रांग लागते. नव्या ठिकाणी पुन्हा सगळ्यांची नावं पाठ करायची, कोण काय खातं, कोणाचं पोर कशाला रडतं. इथे कुणाला जन्मभर राहायला मिळत नाही, ते मला पण ठाऊक आहे. पण व्हिसा आहे तेवढी वर्षं तरी एका खिडकीतून बघू दे."

"मग सांगा ना काकांना."

"सांगितलं तर थांबतील. लगेच थांबतील. आणि त्या खुर्चीत बसून वाळत जातील. ते बघण्यापेक्षा मी पडदे शिवते."

मला रडू आलं आणि रागही आला. काकूंचा राग, काकांचा राग, आमच्या त्या शिडीचासुद्धा राग. काकूंना घर हवं होतं आणि काकांना कुणीतरी हाक मारायला हवी होती, आणि दोन्ही एका ठिकाणी मिळत नव्हतं. मी पडदे बाजूला ठेवले आणि म्हटलं, "काकू, मग आपण त्यांना इथेच वाळू करून देऊ."

बेत सगळा काकूंचा आणि माझा. आम्ही काकांना वगळून व्हॉट्सॲपवर ग्रुप काढला. सगळ्यांनी आपापल्या नव्या शिड्या, ड्रिल, मोठे टोप बेसमेंटमधल्या स्टोअररूममध्ये नेऊन ठेवायचे आणि काही लागलं की काकांना फोन करायचा. मला वाटलं होतं, लोक हसतील. कुणी हसलं नाही. पेशावरच्या इंजिनिअरने लिहिलं, "अंकल के लिए मैं ड्रिल समंदर में फेंक दूँ." त्याच संध्याकाळी आमच्या ह्यांनी चांगला चालू बल्ब काढला आणि काकांना फोन लावला, "काका, शिडी कुणाकडे असेल हो?"

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग काका म्हणाले, "तुमच्याकडे नाही? थांबा, बघतो!"

पंधरा दिवसांत माणूस फुलला. बुशशर्टाचे खिसे पुन्हा जड झाले. शिडीवाल्यांकडे पुन्हा चहा सुरू झाला, मोतीबिंदूच्या आता दुसऱ्या डोळ्यापर्यंत आम्ही पोचलो. काकांनी पिकअपवाल्याला सांगितलं, "अभी रुको. इधर बस्ती अभी कच्चा है." माझी मुलगी मात्र कपाळाला आठ्या घालून म्हणाली, "मम्मा, धिस इज लिटरली लायिंग." मी तिला म्हटलं, हो, आणि नर्सबाईंकडून मोठी परात मागून आण.

गंमत अशी की खोटं मागता मागता आम्ही खरंच एकमेकांच्या घरी जायला लागलो होतो. आता मी शारजात राहते, माझ्या घरात शिडी आहे, ड्रिल आहे, आणि समोरच्या दारामागे कोण राहतं ते मला माहीत नाही. पण ते असो.

मग तो पाऊस आला. इथे पाऊस म्हणजे शिंतोडे, मुलांना सुट्टी आणि गरम भजी. त्या दिवशी मात्र आभाळ कोसळलं. दुपारपर्यंत रस्त्याची नदी झाली, वीज गेली, लिफ्ट बंद, आणि नातूर, म्हणजे आमचा वॉचमन, ओरडत वर आला, "बेसमेंट में पानी आ गया!"

अशा वेळी काकांना बघावं. पँट गुडघ्यापर्यंत गुंडाळलेली, गळ्यात टॉर्च, लॉबीच्या मधोमध उभे. कुणी गाड्या बाहेर काढायच्या, कुणी म्हाताऱ्यांना वर न्यायचं, हुकूम सुटत होते. आणि मग त्यांनी सांगितलं, "यल्ला, चलो, जवान लोक नीचे जाओ. स्टोअररूम का सब सामान ऊपर लाओ. भीग जाएगा!"

आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे बघितलं. पेशावरचा इंजिनिअर खाली गेला आणि एक शिडी घेऊन वर आला. काकांनी ती भिंतीला लावायला सांगितली. मग दुसरी शिडी आली. मग तिसरी. मग ड्रिलच्या पेट्या, मग पन्नास माणसांचा भात होईल असे टोप, एकात एक घातलेले, नवे कोरे, काहींवर दुकानाची चिठ्ठी तशीच. काका प्रत्येक वस्तूला "इधर रखो" म्हणत होते, मग नुसताच हात दाखवायला लागले, मग हातही थांबला. सामान येतच राहिलं. सगळी लॉबी हार्डवेअरच्या दुकानासारखी भरली आणि त्या दुकानात आम्ही सगळे माना खाली घालून उभे.

काकांनी एका शिडीवरून बोट फिरवलं. "ॲल्युमिनियमची आहे," ते म्हणाले. "चांगली आहे." मग त्यांनी आमच्याकडे बघितलं. "कुणाच्या डोक्यातून आलं हे?"

मी तोंड उघडलं, पण मागून आवाज आला, "माझ्या."

काकू जिन्यात उभ्या होत्या. त्या गुडघ्यांनी पाच मजले उतरून आल्या होत्या, कठडा धरून, धापा टाकत. "मला जायचं नाही," त्या म्हणाल्या.

"कुठे?"

"कुठेच."

काकांनी काकूंकडे बघितलं. त्यांना खरोखरच आश्चर्य वाटलं होतं. इतक्या शिड्या बघून जेवढं वाटलं नसेल तेवढं. "मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तुम्ही पिकअप दारात उभा करून विचारायचात, आधी फ्रिज काढू की कपाट. त्यावर काय सांगणार? फ्रिज म्हणायची."

काकांनी ती शिडी भिंतीला सरळ लावून ठेवली. पाणी ओसरल्यावर चार दिवसांनी त्यांनी एक बॅग भरली आणि उम्म अल कुवैनला एकटे निघून गेले. भांडण झालं नाही, आदळआपट नाही. "मी जाऊन बघून येतो," एवढंच म्हणाले. काकूंनी त्यांचे शर्ट इस्त्री करून दिले. मला मात्र त्यांचा भयंकर राग आला. मी ठरवलं, हा माणूस परत आला तर याच्याशी बोलायचंच नाही.

जेमतेम महिना झाला असेल. दुपारी माझी बेल वाजली. दारात काका. बॅग खांद्याला, दाढी वाढलेली. मी ठरवलेलं सगळं विसरले आणि म्हटलं, "आत या. जेवलात का?"

ते स्वयंपाकघरात स्टुलावर बसले. मी वरणभात वाढला. ते खाली बघून जेवले आणि मग सांगायला लागले. तिकडे शेजारचं घर भरलं, हैदराबादचं कुटुंब. काका नेहमीसारखे पहिल्याच संध्याकाळी गेले, बेल वाजवली, विचारलं, शिडी आहे का, ड्रिल आहे का, घरात काय काय आहे.

"मग?"

"मग काय? बाईने दार लावलं आणि नातूरला फोन केला. बुड्ढा आदमी घर का सामान पूछ रहा है. नातूर येऊन माझं आयडी मागतोय, बाय! माझं! दुसऱ्या घरी गेलो, तिथे पण तेच. कडी लावली ती लावली."

मला हसू आवरेना. पण काका हसत नव्हते.

"इतकी वर्षं मला वाटायचं, मी विचारतो म्हणून लोक दार उघडतात. लोक माझ्या मागे बघून उघडायचे. मी एकदा पण मागे वळून बघितलं नाही, तिचे हात भाजत असतील म्हणून." त्यांचे डोळे भरून आले. ते त्यांनी लपवले नाहीत. "तू जरा वर जाऊन विचार ना तिला. येऊ का म्हणून."

"मी नाही विचारणार," मी म्हटलं. "तुम्हीच विचारा."

ते उठले. मी त्यांच्या मागोमाग जिना चढले. हे बघायचं सोडून घरी बसणं माझ्याच्याने होणार नव्हतं. माझ्या मागे दुसऱ्या मजल्यावरून नर्सबाई आल्या, कसं कळलं त्यांना देव जाणे, आणि त्यांच्या मागे तो पेशावरचा इंजिनिअर. आम्ही वळणावर भिंतीला चिकटून उभे राहिलो. काकांकडे किल्ली होती. त्यांनी ती काढली नाही. बेल वाजवली आणि बॅग खाली ठेवून, केसांवरून हात फिरवून, परक्या माणसासारखे उभे राहिले.

काकूंनी दार उघडलं. त्यांच्याकडे पायापासून डोक्यापर्यंत बघितलं.

"मी इथे राहू का?" काकांनी विचारलं.

"किती दिवस?"

ज्या माणसाकडे माझ्या प्रत्येक प्रश्नाला नवं उत्तर असायचं, तो एवढंच म्हणाला, "तू म्हणशील तितके."

काकू दारातून बाजूला झाल्या. "मग बॅग आत घ्या," त्या म्हणाल्या, "आणि दार लावा. सगळी बिल्डिंग ऐकतेय."